खानदेशांतील फारखत्या, कर्जाची सूट आणि कुळाची पत

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना सनदा, इनामपत्रें, महजर व वतनांचे निवाडे हे कागद प्रथम बाजूस काढले जातात, आणि सावकारी कागदांचा गठ्ठा बहुधा होता तसाच पुन्हां बांधून ठेविला जातो. कित्येकदां तो बांधलाहि जात नाहीं. रद्दीच्या वजनांत जातो. धुळें, नंदुरबार व जळगांव ह्या जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या खानदेशांत, ज्यांनीं कागदांसाठीं चार घरें धुंडाळलीं असतील त्यांस हें नव्यानें सांगावयास नको. ह्या गठ्ठ्यांत कर्जखतें असतात, गहाणखतें असतात, रोजकीर्द व खतावणीचे सुटे बंद असतात, आणि मधूनच एखादा लहानसा, पांचसात ओळींचा कागद असतो. तो म्हणजे फारखती. व्यवहार संपल्याची खबर देणारा कागद, सबब त्यांत पुढें वाचण्यासारखें कांहीं नाहीं, अशी समजूत पुष्कळ संग्राहकांची आहे. आमचें मत ह्याच्या अगदीं उलट आहे. कूळ कर्जांतून मोकळें झालें तें पुरी रक्कम देऊन कीं कमी रकमेवर तोड करून, आणि तोड केली असल्यास पुढें त्याच्या जमिनीचें व अब्रूचें काय झालें, हें ह्या लहान कागदाच्या साह्यानेंच ठरवितां येतें. तें न ठरवितां खानदेशांतील जमिनी कोणी कोणास ‘विकल्या’ ह्याविषयीं केलेलीं विधानें कच्चीं राहतात.

फारखती हा शब्द अरबी-फारसी ‘फारिग’ म्हणजे मोकळा ह्यापासून आला. नवराबायकोच्या फारकतींत आज तो उरला आहे. नेहमींचा मजकूर असा असतो : अमुक मितीच्या खतावरील मुद्दल व व्याज ह्यांचा हिशेब होऊन ऐवज भरून पावलों, आतां तुमच्याकडे घेणें राहिलें नाहीं. येथें ‘भरून पावलों’ ह्या दोन शब्दांवर संशोधकानें एकदम विश्वास टाकूं नये. हा फारखतीचा ठराविक शब्दप्रयोग आहे. तो नसेल तर फारखती ही फारखतीच होत नाहीं. म्हणून शंभराचे साठ घेऊन सावकार उठला तरी तो ‘भरून पावलों’ असेंच लिहून देईल. खरें काय झालें तें त्याच्या वहींत पाहावें. खतावणींत कुळाच्या खात्यास जमेच्या बाजूला रोख आलेली रक्कम एका ओळींत आणि सूट, वटाव किंवा बट्टा म्हणून सोडलेली रक्कम दुसऱ्या ओळींत असते. दोन्ही मिळून खातें बरोबर होतें. फारखती कुळाच्या घरीं राही आणि वही सावकाराच्या. एकाच व्यवहाराच्या दोन साक्षी दोन घरीं पडल्या, आणि आपण त्यांपैकीं एकच वाचतों. त्यांत आणखी अडचण लिपीची. कुळाजवळचा कागद मोडींत, तर खानदेशांतील गुजर व मारवाडी पेढ्यांच्या वह्या पुष्कळदां गुजराती किंवा महाजनी अक्षरांत आणि विक्रम संवतांत. मोडीवरच थांबणारा अभ्यासक अर्ध्या व्यवहारावर थांबतो.

आतां सूट ही कशांतून दिली जात असे हें पाहूं. एक हिशेब मांडतों. कुळानें १०० रुपये दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतले. तीन वर्षांत व्याज झालें ७२. खत मुदतीबाहेर जाऊं नये म्हणून १७२ रुपयांचें नवें खत झालें. पुन्हां तीन वर्षांनीं त्यावर १२३ रुपये १३ आणे व्याज चढून एकंदर २९५ रुपये १३ आणे झाले. सहा वर्षांत हातीं पडलेले रुपये मात्र १००. तेहि मनोती कापून घेतली असल्यास शंभराहून कमी. ह्याच व्यवहारास दामदुपटीचा नियम लावला, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक नाहीं असें धरलें, तर देणें २०० च्या वर जात नाहीं. म्हणजे सावकारानें ९५ रुपयांची ‘सूट’ देऊन २०० वर तोड केली, तरी त्यानें आपल्या पदरचें कांहीं सोडलें असें होत नाहीं. सूट मोठी दिसली कीं सावकार उदार, किंवा कूळ बुडवें, असे दोन निष्कर्ष काढण्याची चाल आहे. मूळ खत व त्याचीं मागचीं नूतनीकरणें हातीं आल्याखेरीज दोहोंपैकीं एकहि निष्कर्ष काढतां येत नाहीं.

दामदुप्पट ही कांहीं अलीकडची कल्पना नव्हे. मनुस्मृतींतहि एकदम वसूल करावयाचें व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये असें सांगितलें आहे, आणि मुंबई हायकोर्टानें हिंदूंच्या कर्जांना हा नियम लागू धरला. व्याजाच्या भारीपणाविषयीं बोलावयाचें तर खानदेशाजवळ एक फार जुनें उदाहरण आहे. चाळीसगांवाजवळील पाटणें येथील शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजींनीं उजेडांत आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिला, त्यास निकुंभवंशीय राजांनीं दिलेल्या दानाची नोंद त्यांत असून उत्पन्नाचा तपशील मराठींत आहे. त्या मठांत जी लीलावती शिकविली जात असेल तींत पंचराशिकाचें उदाहरण असें आहे कीं, शंभरास महिन्याला पांच व्याज पडतें, तर सोळांस वर्षाला किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. दरसाल शेंकडा साठ हा दर ग्रंथकारानें केवळ आंकडे सोयीचे म्हणून घेतला असेलहि. पण मुलांना तो अद्भुत वाटत नसावा. असो.

पेशवाईंत कर्जाची वसुली प्रथम धनकोनें स्वतःच करावयाची. तगादा, दारांत धरणें, माणसें बसविणें हे प्रकार एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत वर्णिले आहेत. प्रकरण पंचायतींत गेलें म्हणजे ऋणकोची ऐपत पाहून हप्तेबंदी होई. सरकारनें वसुलीस मदत केली तर वसूल रकमेची चौथाई सरकारांत जाई. ह्या चौथाईमुळें सावकाराचें गणित स्पष्ट होतें : सरकारांत जाऊन शंभरांतले पंचाहत्तर घ्यावयाचे, तर घरबसल्या ऐंशींवर तोड केलेली बरी. खुद्द पहिल्या बाजीरावाची कर्जापायीं झालेली तगमग ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांतून सर्वांस परिचित आहे. त्या काळीं कर्जदार असणें ह्यांत लाज नव्हती. लाज होती ती दुसरा सावकार न मिळण्यांत. पत शब्दाचा अर्थ तोच.

१८१८ त इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्ज ह्यानें धुळें हें ठाणें केलें. त्यानंतरच्या अर्धशतकांत तीन गोष्टींनीं ह्या पतेचें स्वरूप पालटलें. पहिली, जमिनीची मोजणी. १८५२ सालीं सावदें, फैजपूर, एरंडोल ह्या बाजूस लोकांनीं मोजणीस उघड विरोध केला व लष्कर आणावें लागलें, हा इतिहास प्रसिद्ध आहे. मोजणी झाली, शेताला नंबर पडला, आणि कब्जेदाराचा हक्क वारसानें व विक्रीनें जाणारा ठरला. पूर्वीं सावकार पीक व माणूस पाहून पैसे देई; आतां तो नंबर पाहून देऊं लागला. (पश्चिमेकडील भिल्लांजवळ गहाण टाकण्यास नंबर नसला म्हणजे अंगमेहनतच गहाण पडे.) दुसरी गोष्ट व्याजाची. १८२७ च्या रेग्युलेशनानें घातलेली शेंकडा बाराची मर्यादा १८५५ त उठली. तिसरी गोष्ट १८५९ चा मुदतीचा कायदा. साध्या खताची मुदत तीन वर्षें ठरल्यानें दर तीन वर्षांनीं खत नवें करून घेणें सावकारास भाग पडलें, आणि आम्हीं वर मांडलेला हिशेब घरोघर चालूं झाला. ह्या कायद्याचा हेतु जुनाट दाव्यांपासून ऋणकोचें रक्षण करण्याचा होता! त्यांतच अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले, खानदेशांतून आगगाडी गेली, आणि कापूस पिकविणाऱ्या कुळाला हवें तितकें कर्ज मिळूं लागलें. भाव उतरले, खतें उतरलीं नाहींत.

१८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें दंगा होऊन पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांचीं खतें हिसकावून जाळण्यांत आलीं. त्यांतून चौकशीमंडळ, आणि त्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा निघाला. प्रथम तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चारच जिल्ह्यांना लागू होता. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं न्यायमूर्ति रानडे ह्यांची बदली धुळ्यास झाली होती, आणि पुढें ह्याच कायद्याखालील स्पेशल जज्ज म्हणून त्यांनीं कुळांचे असंख्य हिशेब तपासले. १९०५ पर्यंत कायद्याचीं मुख्य कलमें इलाख्याच्या इतर जिल्ह्यांसहि लागू झालीं व खानदेश त्यांत आला. ह्या कायद्यानें कोर्टाला खताच्या मागें जाण्याची मुभा मिळाली. प्रथम हातीं आलेलें मुद्दल किती, व्याज किती, खत किती वेळां बदललें, हें सारें तपासून खरें देणें ठरवावयाचें आणि त्याचे हप्ते बांधून द्यावयाचे. कुळाचें देणें कोर्टांतून कमी होऊं लागलें.

येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. एकदां कोर्टाकडून देणें कमी करून घेतलेल्या कुळास दुसऱ्या वर्षीं बियाण्याला पैसे कोण देणार? त्याच्या नांवापुढें कोणी शिक्का मारीत नव्हतें, पण बाजारपेठ लहान असते. अमळनेरास काय झालें तें पारोळ्यास कळावयास दोन बाजार पुरत. सावकारानें कर्ज देणें बंद केलें नाहीं, कारण तो त्याचा धंदा होता. त्यानें कागद बदलला. गहाणखताचा हिशेब कोर्ट उकलतें ना, मग गहाणखत नकोच. खरेदीखत करून दे. शेत विकलें असा कागद, कब्जा पुष्कळदां कुळाकडेच, सावकाराला खंड म्हणून व्याज, आणि पैसे फिटले म्हणजे शेत परत देऊं असें तोंडी वचन, किंवा फार झालें तर निराळा करार. कायद्याच्या पहिल्या बारातेरा वर्षांतच हा प्रकार सरकारच्या ध्यानांत आला होता. अखेर १९०७ त १०-अ हें कलम घालून, कागद खरेदीचा असला तरी व्यवहार मूळचा गहाणाचा होता काय, हें तोंडी पुराव्यानें तपासण्याचा अधिकार कोर्टास द्यावा लागला. कायदेमंडळानेंच मान्य केलें कीं खरेदीखतावरील ‘खरेदी’ हा शब्द प्रमाण मानतां येत नाहीं. मग इतिहासकारानें तो कां मानावा? अमुक घराण्यानें इतक्या एकर जमिनी विकत घेतल्या, अमुक पाटलाच्या वंशजांनीं चैनींत विकल्या, असें खरेदीखतांच्या बेरजेवरून लिहिणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा. दोन्ही घराण्यांचे नातूपणतू आज नांदत आहेत, आणि आजाच्या नांवावर लागलेला बोल त्यांस ऐकावा लागतो.

कागदांची तारीख पाहण्याची एक खूण येथेंच सांगून ठेवतों. खरेदी व परत देण्याची अट हीं पूर्वीं दोन निराळ्या दस्तऐवजांत असूं शकत. १९२९ च्या दुरुस्तीनें, म्हणजे १ एप्रिल १९३० पासून, अट त्याच दस्तऐवजांत नसेल तर तो व्यवहार सशर्त विक्रीचें गहाण मानतां येत नाहीं असें झालें. म्हणून त्यापूर्वींचें खरेदीखत मिळाल्यास त्याच मितीचा दुसरा करार त्याच गठ्ठ्यांत आहे काय, हें आधीं धुंडाळावें.

१९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानें पत ही सावकाराच्या वहींतून उठून चावडींत आली. फेरफाराच्या वहींत गहाणाची नोंद होऊं लागली आणि शेताच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या सदरांत बोजा दिसूं लागला. ज्याला नवें कर्ज द्यावयाचें त्याचा उतारा कोणीहि पाहावा. पण फारखती झाली कीं बोजा आपोआप उतरत नाहीं. त्यासाठीं वर्दी देऊन नवा फेरफार करून घ्यावा लागतो. कुळानें फारखती पेटींत ठेविली आणि चावडींत दाखविली नाहीं, तर घरीं तें मोकळें व सरकारदप्तरीं बांधलेलें, अशी स्थिति पिढ्यान्‌पिढ्या राहूं शकते.

सहकारी पतपेढ्या आल्यावर तिसरी वही आली, ती हैसियतीची. सभासदाची जमीन, देणें व घेणें तींत लिहावयाचें आणि त्यावरून कर्जाची मर्यादा ठरवावयाची. पतपेढीचें कर्ज मात्र मुख्यतः हंगामापुरतें. जुन्या सावकारी कर्जाचा डोंगर त्यानें हलत नव्हता. त्यासाठीं १९२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत भडोच, धारवाड व पाचोरें अशा तीन ठिकाणीं भूतारण बँका प्रयोगादाखल निघाल्या. पाचोरें हें पूर्व खानदेशांतलें, म्हणून हा प्रयोग आपल्या अंगणांतला. बँकेचें काम काय, तर जुनें कर्ज फेडून जमीन आपल्याकडे तारण घ्यावयाची आणि कुळाकडून लांब मुदतीच्या हप्त्यांनीं पैसे घ्यावयाचे. पण जमिनीच्या किंमतीच्या ठराविक अंशापलीकडे, साधारणतः निम्म्यापलीकडे, बँक जाणार नाहीं. समजा जमीन १००० रुपयांची व सावकाराचें देणें ८००. बँक देणार ५००. म्हणजे अर्ज मंजूर व्हावयाचा तर सावकारानें ५०० वर तोड करून फारखती द्यावयास हवी. येथें सूट ही पत बिघडल्याची खूण नसून नव्या गहाणाची पहिली पायरी झाली. वर वर्णिलेल्या प्रकाराच्या नेमकें उलट! सावकार तोडीस कां तयार होई तेंहि उघड आहे : वहींतले ८०० कधीं येतील न येतील, बँकेचे ५०० रोख येत. दुर्दैवानें बँक निघाली आणि १९३० पासून कापसाचे भाव कोसळले. हजाराची म्हणून तारण घेतलेली जमीन हजाराची राहिली नाहीं, आणि हप्ते मात्र जुन्या भावाचे राहिले. प्रांतिक भूतारण बँक १९३५ त स्थापन झाली ती ह्या मंदींतच.

पुढें खेर मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो आधीं निवडक तालुक्यांत लावण्यांत आला, आणि १९४७ च्या कायद्यानें त्याची जागा घेतली. पहिल्यांत काम कर्जनिवारण मंडळांकडे होतें, दुसऱ्यांत तें दिवाणी कोर्टांकडे आलें. कुळाची फेडण्याची ऐपत ठरवावयाची, देणें त्या मापांत बसवावयाचें आणि हप्त्यांचा निवाडा द्यावयाचा. हप्ते फिटेपर्यंत जमीन विकण्यागहाण टाकण्यावर बंधन. ह्या कायद्यांतली एक तरतूद आम्हांस फार बोलकी वाटते. प्रकरण चालू असलेल्या कुळास पिकासाठीं कर्ज देण्याचा अधिकार विवक्षित व्यक्तींना व संस्थांना सरकारनें द्यावा, अशी सोय त्यांत केली आहे. देणें कमी झालेल्या कुळाकडे बाजार पाठ फिरवितो, हें १८७९ च्या कायद्यानंतर पन्नाससाठ वर्षें पाहिल्यामुळेंच ही सोय कायद्यांत लिहावी लागली. मंडळांचे व कोर्टांचे हे निवाडे संग्राहकांनीं अद्याप मनावर घेतलेले नाहींत. त्यांत कुळाची जमीन, किंमत, प्रत्येक सावकाराचें मागणें आणि शेवटीं ठरलेली रक्कम हीं एकाच ठिकाणीं मिळतात. इतकें साधन पेशवेदप्तरांतहि एका कुळाविषयीं मिळत नाहीं.

हा विषय जुना झाला असें कोणी म्हणेल, म्हणून थोडें अलीकडचें सांगतों. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफींत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचें पात्र कर्ज सबंध माफ झालें आणि इतरांना ७५ टक्के भरल्यास २५ टक्के सूट मिळाली; ही दुसरी योजना म्हणजे सरकारनें घडवून आणलेली तोडच. २०१३ सालीं महालेखापरीक्षकांनीं तपासणी केली तेव्हां कित्येक खात्यांत कर्जमाफीचा दाखला शेतकऱ्यास पोंचल्याचा पुरावाच आढळला नाहीं. फारखती हातीं न आलेलें कूळ तें हेंच. शहरी कर्जांतहि प्रकार निराळा नाहीं. २००५ च्या कायद्याखालीं पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चालतात; पुरें फेडलेलें खातें त्यांच्या दप्तरीं ‘क्लोज्ड’ आणि कमी रकमेवर मिटविलेलें ‘सेटल्ड’ म्हणून लिहिलें जातें. घरासाठीं गहाणकर्जाचा अर्ज केला कीं बँक हा एक शब्द पाहून थबकते. जून २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें तडजोड केलेल्या ऋणकोस त्याच संस्थेनें नवें कर्ज देण्यापूर्वीं निदान बारा महिने जाऊं द्यावे असें ठरविलें, व शेतीकर्जाची मुदत संस्थांच्या धोरणावर सोडली. सावकाराच्या खतावणींतली ‘सूट’ ही ओळ त्याच्या घराबाहेर जात नसे. आतां ती मुंबईंत बसून कर्ज देणाऱ्या संस्थेस वाचतां येते. गांवच्या सोसायटीचा बेबाकी दाखला मागितला जातो तो ह्याच कुळांतला कागद होय.

तेव्हां खानदेशांत सावकारी गठ्ठा हातीं आल्यास पुढीलप्रमाणें करावें अशी आमची सूचना आहे. फारखती, तिचें मूळ खत आणि त्या कुळाचें नंतरच्या पांचदहा वर्षांतलें पहिलें खरेदीखत किंवा गहाणखत हीं एकाच वेष्टनांत ठेवावीं, मितीवार वेगळीं करूं नयेत. खत फाडलेलें किंवा कोपरा काढलेला असल्यास तें टाकून देऊं नये; फेड झाल्यावर खत फाडून परत देण्याचा रिवाज असल्यानें फाटकें खत हेंच फेडीचें प्रमाण असतें. खताच्या पाठीवरील भरण्याच्या ओळी उतरून घ्याव्या. शक, फसली, शुहूर व संवत ह्यांपैकीं कोणतें वर्ष आहे तें मूळांत असेल तसेंच लिहावें, कारण छप्पन्न सालच्या दुष्काळाचें खत संवत १९५६ चें, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चें असतें, हें विसरून केलेल्या चुका छापील याद्यांतहि शिरल्या आहेत. पेढीच्या वह्या विकावयास निघाल्या असतील तर निदान खतावणी सोडवून घ्यावी. रोजकीर्द गेली तरी चालेल. आणि ज्यांच्या घरीं अशा फारखत्या आहेत त्यांनीं त्यांच्या नकला करून धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळाकडे धाडाव्या. मूळ कागद घरींच राहूं द्यावा, कारण उताऱ्यावरचा एखादा जुना बोजा आजहि त्याच्यावांचून उतरावयाचा नाहीं.